कारण निवडा

डुलुथमध्ये मार्च म्हणजे बुटांवरचं मीठ.
दुकानाच्या पायपुसण्यावर ते पांढरं उमटत राहतं
आणि दर गिऱ्हाइकाला मी म्हणतो,
बँकेचं खातं जोडा, महिन्याला दहा डॉलर सुटतील.

म्हणावंच लागतं. मागच्या खोलीत फळा आहे,
त्यावर आमची नावं, आणि नावांपुढे
आठवड्यात कुणी किती खाती जोडली ते.
डार्लाची एकोणीस.
माझी चार.

आयली कांगस सव्वाचारला आल्या.
लोकरी टोपी न काढताच काउंटरशी उभ्या राहिल्या.
सहा वर्षं कार्डावरून घेत होतात की बिल,
आता कार्डाला काय झालं?
काही नाही, मी म्हणालो. कार्ड चालतं,
फक्त सवलत मिळत नाही.
"म्हणजे दंड."
दंड नाही, सवलत जाते.
"पोरा, मी बत्तीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे बसले."

पैसा आत येताना किती सह्या मागतो
आणि बाहेर जाताना कसा अनवाणी जातो
ते त्यांनी पाहिलेलं.
"कार्ड म्हणजे अंगण. कुणी घुसलं तर
ओरडता येतं, चार माणसं धावतात.
खातं म्हणजे स्वयंपाकघर.
तिथवर आलेल्याला पिठाचा डबाही सापडतो."

मी छापील कागद पुढे केला:
कडेकोट सुरक्षा. कधीही रद्द करा.
त्यांनी 'कधीही'वर बोट ठेवलं.
"माझा भाऊ ऐनो नोव्हेंबरात गेला.
जिमवाले पुढच्या सप्टेंबरपर्यंत पैसे कापत होते.
दहा महिने मेलेला माणूस व्यायाम करत होता.
मृत्यूचा दाखला पाठवला, तर म्हणाले,
त्यांना स्वतः फोन करायला सांगाल का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग पर्समधून आमचंच पत्र काढलं, चार घड्यांचं.
आपली माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे.
क्षमस्व. वर्षभर
आपल्या खात्यांवर नजर ठेवण्याची सेवा मोफत.
"घर फोडलं गेलं, आणि वर दुर्बीण भेट!
आता त्याच घराची किल्ली मागतोस?"

मी मागत नव्हतो, फळा मागत होता.
पण फळा मागच्या खोलीत होता
आणि काउंटरशी मी.

"तुझं जोडलंय?"

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली.
तिचा पिवळा दिवा भिंतीवरच्या फोनांवरून फिरला,
एकेक करून सगळ्यांवरून.

जोडलं होतं. गेल्या फेब्रुवारीत
एकच बिल दोनदा गेलं,
आणि मागून घरभाड्याचा चेक गेला तो परत आला.
पस्तीस डॉलर बँकेचे, पन्नास घरमालकाचे.
कंपनीनं, म्हणजे आम्हीच, कळवलं,
सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा होईल.
घरमालकाचे सगळेच दिवस कामकाजाचे.
त्या आठवड्यात मी दुकानातल्या मशीनमधली
गिऱ्हाइकांसाठीची कॉफी पिऊन रात्री काढल्या.

एवढं सगळं मी बोललो नाही.
"नाही," म्हणालो. "आता नाही."

त्यांनी मान हलवली,
खिडकीमागून नोट उजेडात धरून बघावी तशी.
वर्षाचे एकशेवीस, त्या हिशेब करत म्हणाल्या.
औषधाच्या एका बाटलीहून महाग,
झोपेहून स्वस्त.
आणि चेकबुक उघडलं.

चेक कसा घ्यायचा ते मी विसरलो होतो.
डार्लाला विचारलं, तीही विसरली होती.
आयलीबाईंनीच सांगितलं, मागे शिक्का मार,
तारीख बघ, अक्षरी रक्कम आधी वाच,
आकड्यांवर नंतर विश्वास ठेव.

त्या गेल्या. पायपुसण्यावर दोन नवे पांढरे ठसे.
स्क्रीनवर चौकट उघडली:
ग्राहकाने सवलत नाकारली. कारण निवडा.
ग्राहक घाईत होता.
ग्राहकाचे बँकेत खाते नाही.
ग्राहकाला योजना समजली नाही.
इतर.

'इतर' निवडलं की खाली लिहावं लागतं,
आणि लिहिलेलं वरपर्यंत जातं.

ग्राहकाला योजना समजली,
असा पर्याय यादीत शोधला.
दोनदा वर-खाली केलं.
मागे रांगेत एक मुलगा फुटलेला फोन घेऊन उभा होता.

समजली नाही, मी दाबलं,
आणि म्हणालो, पुढचे.